मधुमेह, पायांच्या नसा आणि हातातला फोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह असलेल्यांचे पाय तपासणं हे माझं रोजचं काम. समोरच्या स्टुलावर पाऊल, हातात नायलॉनचा एक धागा, आणि गेली काही वर्षं सोबत फोनही. ‘फोनने नसा तपासता येतात का हो?’ हे आता जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मी त्यांना जी उत्तरं देते, ती इथे एकत्र केली आहेत.

माझे पाय मुळीच दुखत नाहीत. मग तपासायचे कशाला?

दुखत नाहीत म्हणूनच. मधुमेहाने ज्यांच्या पायांच्या नसा खराब झाल्या आहेत, त्यांच्यापैकी निम्म्यांपर्यंत लोकांना कसलाही त्रास जाणवत नाही. ना मुंग्या, ना जळजळ. ज्या नसेने तक्रार करायची, तीच मुकी झालेली असते.

एकदा एक गृहस्थ नेहमीच्या तपासणीला आले. चप्पल काढायला सांगितली, तर ती निघेना. तळातून वर आलेली टाचणी चवड्यात रुतली होती आणि भोवतालची कातडी ओली, पांढरी पडली होती. टाचणी कधी लागली, हे त्यांना सांगताच येईना. ‘चप्पल जरा घट्ट झालीय असं वाटत होतं,’ एवढंच म्हणाले. दोष त्यांचा नव्हता. पायाने त्यांना काही कळवलंच नव्हतं.

मधुमेह असलेल्या दर १०० जणांपैकी १९ ते ३४ जणांच्या पायाला आयुष्यात कधी ना कधी व्रण होतो, असा जागतिक अंदाज आहे. त्यातले बरेचसे व्रण अशाच न कळलेल्या छोट्या इजेतून सुरू होतात.

‘नस’ म्हणजे नेमकी कोणती? रक्ताची का?

हा घोळ आपल्या भाषेतलाच आहे. रक्त वाहून नेणारी तीही नस आणि संवेदना पोहोचवणारी तीही नस. इथे बोलतोय ते संवेदनेच्या नसेबद्दल, म्हणजे मज्जातंतूबद्दल. डॉक्टर ‘न्यूरोपॅथी’ म्हणतात ते याच नसांचं दुखणं. रक्तपुरवठा हा वेगळा विषय आणि तो वेगळा तपासावा लागतो. पायावरची नाडी बोटांनी चाचपतात, घोट्याजवळचा रक्तदाब मोजतात. नसा तपासणाऱ्या अ‍ॅपने पाय ‘चांगला’ म्हटला, म्हणजे रक्तपुरवठाही चांगला आहे असं समजू नका.

सुरुवात पायाच्या बोटांपासूनच का होते?

कारण तिथपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब असतात. कमरेच्या मणक्याजवळच्या पेशीपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटरचा धागा. वाढलेली साखर, रक्तातली चरबी आणि बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान यांची झळ त्याच्या शेवटच्या टोकाला आधी बसते. म्हणून बधिरता दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होते आणि मोजा चढवावा तशी वर सरकते. ती गुडघ्याच्या जवळपास आली की हातांच्या बोटांतही जाणवू लागते.

नसांचे तंतू दोन तऱ्हेचे असतात. बारीक तंतू ऊन-गार, टोचणं, वेदना आणि घाम यांचं काम बघतात. जाड तंतूंकडे कंपन, स्पर्श आणि तोल. रात्री अंथरुणात जळजळ होते, पांघरूणसुद्धा टोचतं, ते बारीक तंतूंमुळे. कापसावर चालल्यासारखं वाटतं, अंधारात तोल जातो, ते जाड तंतूंमुळे. एका साधनातून दोन्हींचा अंदाज क्वचितच येतो. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

फोन नेमकं काय काय तपासू शकतो?

सर्वांत सोपी म्हणजे प्रश्नावली. मिशिगनची न्यूरोपॅथी प्रश्नावली १५ प्रश्नांची आहे: पाय बधिर वाटतात का, रात्री त्रास वाढतो का, आंघोळीच्या वेळी गरम-गार पाणी पायाला ओळखता येतं का. ‘डीएन४’ ही दुसरी, १० मुद्द्यांची. त्यात ४ किंवा जास्त गुण आले तर दुखणं नसांचं असण्याची शक्यता बळावते. मात्र तिचे शेवटचे काही मुद्दे तपासणाऱ्याने पायाला हात लावूनच भरायचे असतात. फोन प्रश्न मोठ्याने वाचून दाखवू शकतो, त्यामुळे वाचता न येणाऱ्यांनाही ते विचारता येतात. मला हा फोनचा फार मोठा उपयोग वाटतो.

दुसरं, कंपन. फोनची थरथर अंगठ्याला जाणवते का, हे बघायचं.

तिसरं, तोल आणि चाल. फोनमधला हालचाल मोजणारा सेन्सर कमरेला बांधून माणूस डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून उभा राहिला की किती डुलतो, हे मोजता येतं. हा प्रयोग एकट्याने करू नका. शेजारी भिंत हवी आणि धरायला माणूसही.

चौथं, कॅमेरा. तळव्याचे फोटो तर आहेतच. शिवाय घामाची पट्टी असते, न्यूरोपॅड नावाची. तिच्यात कोबाल्टचं संयुग असतं आणि पायाला घाम येत असेल तर साधारण १० मिनिटांत ती निळ्याची गुलाबी होते. रंग अर्धवट बदलला किंवा निळाच राहिला, तर घामाच्या बारीक नसा मंदावल्या असाव्यात. पट्टीचा फोटो काढून ठेवला की पुढच्या खेपेला ताडून पाहता येतं. डोळ्यातली बाहुली प्रकाशाला किती चटकन आकसते हे कॅमेऱ्याने मोजायचे प्रयोगही चालू आहेत, पण ते अजून संशोधकांच्याच टेबलावर आहेत.

फोनच्या कंपनावर कितपत भरवसा ठेवायचा?

चाळणी म्हणून ठीक, निदान म्हणून नाही. आणि चाळणी म्हणून वापरतानाही काही गोष्टी सांभाळायला हव्यात.

दवाखान्यात कंपनासाठी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा काटा, वापरतात. तो वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि थरथर कळते का, थांबली कधी, हे विचारतात. याहून नेमकं मोजायचं तर बायोथेसिओमीटर. त्याचं कंपन ० ते ५० व्होल्टपर्यंत हळूहळू वाढवत नेतात. २५ व्होल्टच्या पुढे गेल्यावरच कळत असेल, तर त्या पायाला व्रण होण्याचा धोका बराच जास्त मानतात.

फोनमधली मोटर या कामासाठी बनवलेलीच नसते. काही फोनमध्ये एका बाजूला जड असलेलं चिमुकलं चाक गरगर फिरतं. तिथे जोर वाढला की वेगही वाढतो, दोन्ही एकमेकांना बांधलेले. काहींमध्ये स्प्रिंगवरचं वजन ठरावीक वेगाने मागेपुढे हलतं. दोन वेगळ्या मॉडेलांचं ‘कंपन ५०’ म्हणजे दोन वेगळी कंपनं. जाड कव्हर, बॅटरी वाचवण्याची सेटिंग, फोन किती दाबून धरला, प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो.

आमच्याच हातून झालेली एक चूक सांगते. फोन टेबलाच्या कडेला ठेवला होता आणि त्यावर अंगठा टेकवायला सांगत होतो. एक आजोबा प्रत्येक वेळी बरोबर ‘हो’ म्हणत होते. धाग्याने तपासलं, तर तोच पाय पूर्ण बधिर निघाला. मग लक्षात आलं की टेबल घुंघुं करत होतं आणि आजोबा अंगठ्याने नाही, कानाने ओळखत होते. तेव्हापासून कव्हर काढतो, फोन टेबलावर न ठेवता हातात धरून कडेने अंगठ्याच्या हाडाला टेकवतो, कानांवर हेडफोन देतो, डोळे मिटायला सांगतो. आणि मधूनच कंपन न देताही ‘कळलं का?’ विचारतो. नसलेल्या थरथरीलाही ‘हो’ आलं, तर ती तपासणी बाद.

वयाचाही हिशोब धरावा लागतो. मधुमेह नसला तरी वाढत्या वयात पायाचं कंपनज्ञान कमी होतंच. सगळ्या वयांना एकच रेघ लावणारं अ‍ॅप तरुणांना उगीच निर्धास्त करतं आणि वृद्धांना उगीच घाबरवतं.

त्यातल्या त्यात शहाणपणाचा वापर म्हणजे तोच फोन, तोच पाय, तीच पद्धत ठेवून दर काही महिन्यांनी आपलाच आकडा आपल्याच जुन्या आकड्याशी ताडून बघणं. फोन बदलला की नव्याने सुरुवात.

फोन किंवा यंत्र काहीच नसेल तर?

बोट आहे ना! इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी सुचवलेली ही चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. घरातल्या दुसऱ्या माणसाने करायची. तपासून घेणाऱ्याने मोजे काढून आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. ‘मी हात लावला की डावा की उजवा ते सांगा,’ असं आधीच सांगून ठेवायचं. मग तर्जनीच्या टोकाने पायाच्या बोटांच्या टोकांना अगदी अलगद, एखाद-दोन सेकंद स्पर्श. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. दाबायचं नाही, चोळायचं नाही, थोपटायचं नाही. एका बोटाला एकदाच स्पर्श, ‘पुन्हा बघू’ नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली असं समजून पाय डॉक्टरांना दाखवायचा.

मला विचाराल तर घरी करायला याहून चांगलं साधन नाही. फोनचं काम इथे एवढंच, की क्रम सांगायचा, उत्तरं टिपायची आणि पुढच्या वर्षी आठवण करायची.

पायात उष्णता कळते का हे गरम पाण्याने बघितलं तर?

नका, कृपा करून नका. ज्या पायाला चटका कळत नाही तो पाय भाजेपर्यंत पाण्यात राहतो. अशा जखमा मी पाहिल्या आहेत. पाणी किंवा शेकायची पिशवी किती गरम आहे, हे हाताच्या कोपराने बघा, पायाने कधीच नाही. ऊन-गार संवेदना तपासायची ती दवाखान्यात, आणि तिथेही बऱ्याचदा गार धातूच टेकवतात.

दवाखान्यात तो नायलॉनचा धागा टोचतात, तो काय असतो?

टोचत नाहीत, टेकवतात. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. काटकोनात टेकवून दाबला की १० ग्रॅमच्या जोराला तो वाकतो, आणि कुणीही दाबला तरी जोर तेवढाच राहतो. सगळी करामत त्या वाकण्यात आहे.

या धाग्यामागे कुष्ठरोगाचा मोठा इतिहास आहे. वेल्लोरला काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं रोगाने ‘झडत’ नाहीत. वेदनाच होत नाही, म्हणून न कळलेल्या इजांनी ती झिजत जातात. पुढे ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग केंद्रात गेले. त्याच केंद्रातून १९८६ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की तळव्याला व्रण असलेल्या कुणालाही १० ग्रॅमचा धागा जाणवत नव्हता. मधुमेहाच्या पायाला लावायची मोजपट्टी तिथून रूढ झाली.

आधी तो हातावर टेकवून दाखवतात, म्हणजे काय ओळखायचं ते कळतं. मग अंगठा आणि चवड्याच्या दोन जागा. प्रत्येक जागी दोनदा खरा स्पर्श, एकदा नुसताच प्रश्न. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर हवीत. घट्टे पडलेल्या किंवा जखम असलेल्या जागी टेकवत नाहीत. धागाही थकतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. साधारण दहा जण तपासून झाले की त्याला २४ तास विश्रांती लागते, नाहीतर कमी जोरालाच वाकू लागतो.

धागा स्वस्त आणि भरवशाचा आहे. पण तो जाणवेनासा होतो ते बहुतेक उशिरा, नसांचं नुकसान बरंच झाल्यावर. म्हणून त्याच्या जोडीला कंपन किंवा टाचणी-गारव्याची एक तरी चाचणी हवी.

अ‍ॅपने धोका दाखवला. म्हणजे मला न्यूरोपॅथी झालीच का?

नाही. कागदावर एक हिशोब करून बघू. समजा एक साधन खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के पकडतं आणि निरोगी लोकांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडतं. हजार माणसं आली, त्यातल्या ३०० जणांच्या नसा खरोखर खराब आहेत. साधन २४० जणांना पकडेल, ६० निसटतील. उरलेल्या ७०० निरोगी लोकांपैकी १४० जणांनाही ते ‘धोका’ म्हणेल. म्हणजे लाल खूण मिळालेले एकूण ३८०, आणि त्यांतले खरे २४०. दर आठ जणांत साधारण तीन जणांना विनाकारण धास्ती.

म्हणून लाल खुणेचा अर्थ एवढाच, की नीट तपासून घ्या. दुसरं असं, की बधिरतेला मधुमेहाशिवायही कारणं असतात: बी१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइड, मूत्रपिंडाचे आजार, दारू, काही औषधं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी१२ कमी होऊ शकतं आणि ती कमतरता भरून काढता येते. ती रक्ततपासणी जरूर विचारा.

आणि ‘सर्व ठीक’ आलं तर?

वरच्या हिशोबातले निसटलेले ६० आठवा. पायाची जळजळ चालू असेल आणि अ‍ॅप ठीक म्हणत असेल, तर जळजळीवर विश्वास ठेवा. कंपनाची चाचणी जाड तंतूंची, जळजळ बारीक तंतूंची. इतकंच काय, दवाखान्यातली नसांचा वेग मोजणारी महागडी तपासणीही फक्त जाड तंतूंपुरतीच असते.

तळव्याचे रोज फोटो काढले तर नसांचं कळेल का?

नसांचं नाही कळणार, जखमेचं कळेल, आणि तेही कमी मोलाचं नाही. वाकून स्वतःचा तळवा बघणं अनेकांना जमत नाही. फोन टायमरवर लावून किंवा कुणाकडून तरी तळव्याचा आणि बोटांच्या बेचक्यांचा फोटो काढून घ्या. उजेड दर वेळी सारखा ठेवा. घट्ट्याखाली काळसर-लालसर डाग दिसला, तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. तो घट्टा ब्लेडने स्वतः कापू नका.

पायाचं तापमान मोजणाऱ्या साधनांचं काय?

ती नसा तपासत नाहीत, आतली सूज पकडतात. दोन्ही पायांवरच्या त्याच-त्याच जागा मोजायच्या. त्याच जागेच्या तापमानात दोन पायांमध्ये २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक सलग दोन दिवस राहिला, तर चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. संवेदना आधीच गेलेल्यांसाठी हे खरोखर कामाचं आहे, कारण पाय जे बोलू शकत नाही ते तापमान बोलतं. संवेदना शाबूत असेल तर एवढा खटाटोप नको.

तपासणी कधीपासून आणि किती वेळा?

टाइप २ मध्ये निदान झालं त्याच दिवसापासून, कारण मधुमेह त्याआधी कित्येक वर्षं मुकाट असू शकतो. टाइप १ मध्ये निदानानंतर ५ वर्षांनी. पुढे दर वर्षी. संवेदना कमी झाल्याचं आढळलं तर ६ ते १२ महिन्यांनी. पायाला पूर्वी व्रण होऊन गेला असेल तर १ ते ३ महिन्यांनी.

गेलेली संवेदना परत येते का?

मेलेली नस परत आणणारं औषध आज नाही. प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारख्या गोळ्या वेदना कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. पण पुढचं नुकसान रोखता येतं. टाइप १ मधल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात (१९९३) साखर काटेकोर ठेवल्याने न्यूरोपॅथी होण्याचं प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. टाइप २ मध्ये एकट्या साखरेचा फायदा याहून कमी दिसतो. तिथे वजन, रक्तदाब, चरबी, तंबाखू सगळंच बघावं लागतं. लवकर कळण्याचा खरा लाभ असा, की पाय बधिर आहे हे माहीत असलेला माणूस चप्पल झटकून घालतो, अनवाणी फिरत नाही, रोज रात्री तळवा बघतो.

अ‍ॅप निवडताना काय बघू?

ते कोणत्या फोनवर आणि किती लोकांवर पडताळलं, आणि कशाशी ताडून पाहिलं, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. ‘न्यूरोपॅथी बरी करा’ असं म्हणणारं अ‍ॅप लगेच काढून टाका. नेट नसतानाही चालावं, तुमच्या भाषेत बोलावं, निकाल डॉक्टरांना दाखवता यावा. पायाचे फोटो आणि आजाराची माहिती कुठे साठते, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कधी कुठल्याही अ‍ॅपची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं?

उघडी जखम, पू, वास, काळं पडलेलं बोट, पायावर चढत जाणारी लाली, किंवा यातल्या कशाबरोबरही ताप आला, तर त्याच दिवशी.

आणखी एक, जे नेहमी हुकतं. पाय एकाएकी सुजला, लाल झाला, हाताला गरम लागतोय, पण फारसा दुखत नाही आणि जखमही नाही. ‘मुरगळला असेल’ म्हणून लोक त्यावर आठवडेच्या आठवडे चालतात. बधिर पायात ही शार्को नावाच्या हाडांच्या आजाराची सुरुवात असू शकते. त्यात आतली हाडं मऊ पडतात आणि चालता चालता मोडून तळव्याची कमान खाली बसते. अशा पायावर भार टाकू नका. दवाखान्यात जातानाही तो जमिनीला टेकू देऊ नका, कुणाला तरी गाडी काढायला सांगा.